पाच नॅनोसेकंदांचा फोटो

पहिला कॅमेरा कचऱ्याच्या डब्यात बसवला होता. 1952 साली इंग्लंडमध्ये हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात काम करणाऱ्या विल्यम गॅलब्रेथ आणि जॉन जेली या दोघांनी पत्र्याचा एक डबा घेतला, त्याच्या तळाशी 25 सेंटिमीटरचा अंतर्वक्र आरसा ठेवला आणि आरशासमोर प्रकाश टिपणारी एकच नळी लावली. डब्याचं तोंड आभाळाकडे केलं आणि अंधार पडल्यावर ते बघत बसले. दर मिनिट-दोन मिनिटांनी पडद्यावरची रेघ एकदम उसळी मारायची. म्हणजे आभाळात काहीतरी चमकत होतं. साध्या डोळ्यांना ते कधीच दिसलं नसतं, कारण ती चमक काही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांत, संपून जाते.

आज त्याच चमकेचे फोटो काढायला टनभर वजनाचे, हजारो तारांचे कॅमेरे बनतात. त्यातला एक लडाखमध्ये हानले इथं सुमारे 4,270 मीटर उंचीवर आहे. तो ज्या दुर्बिणीवर बसवला आहे तिचं नाव 'मेस'. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने, म्हणजे बीएआरसीने, हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला आणि इतर भारतीय संस्थांना सोबत घेऊन तो उभा केला. त्याच्या बातम्या येतात तेव्हा 21 मीटर व्यासाच्या आरशाचं कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. पण मला विचाराल तर खरी करामत आरशासमोर टांगलेल्या त्या खोक्यात आहे.

आधी ही चमक येते कुठून ते बघू.

अवकाशातून पृथ्वीवर कणांचा सतत मारा होत असतो. बहुतेक प्रोटॉन, थोडी जड अणुकेंद्रकं. हेच विश्वकिरण. व्हिक्टर हेस यांनी 1912 साली बलूनमधून वर जाऊन ते शोधले. ते कुठून येतात हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही, आणि त्याचं कारण साधं आहे: हे कण विद्युतभारित असतात. आकाशगंगेतली चुंबकीय क्षेत्रं त्यांना इतकी वळवतात की पृथ्वीवर पोचेपर्यंत त्यांची मूळ दिशा पुसली जाते. पाकिटावरचा पत्ता पावसात धुऊन गेल्यासारखं. पण जिथं असे कण प्रचंड वेगाने फेकले जातात तिथंच गॅमा किरणही, म्हणजे प्रकाशाचाच प्रचंड ऊर्जेचा प्रकार, तयार होतात. त्यांच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून ते नाकासमोर सरळ येतात. त्यांची दिशा कळली तर पत्ता लागतो.

अडचण अशी की ते फार थोडे असतात. वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघ, म्हणजे 1054 साली दिसलेल्या स्फोटाचा अवशेष, हा या बाबतीतला सगळ्यात भरवशाचा स्रोत. तरी एक टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या एका कणाच्या सुमारे 500 अब्ज पट ऊर्जेचे त्याचे गॅमा किरण एक चौरस मीटरवर वर्षाला जेमतेम सहा पडतात. एक चौरस मीटरचा उपग्रह पाठवला तर वर्षाला सहा नोंदी. वाट बघता बघता प्रकल्पाची मुदत संपेल.

मग युक्ती अशी की वातावरणालाच उपकरणाचा भाग करून टाकायचं. असा गॅमा किरण हवेत शिरला की त्यातून एक इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा, पॉझिट्रॉन, जन्मतो. त्यांच्यापासून आणखी गॅमा किरण, त्यांच्यापासून आणखी जोड्या. जमिनीपासून दहाएक किलोमीटरवर या कणांची सर येते. हवेत प्रकाशाचा वेग निर्वातातल्यापेक्षा किंचित, शेकडा 0.03 इतकाच, कमी असतो आणि सरीतले बरेचसे कण त्यापेक्षा जोरात धावत असतात. पाण्यातल्या लाटांपेक्षा होडी वेगात गेली की तिच्यामागे पाचरीसारखी लाट उठते, तसा या कणांमागे निळसर प्रकाशाचा शंकू तयार होतो. पावेल चेरेन्कोव यांनी 1934 साली द्रवांमध्ये हा प्रकाश अभ्यासला, म्हणून त्याला चेरेन्कोव प्रकाश म्हणतात. जमिनीवर पोचेपर्यंत तो सुमारे 120 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरतो. या वर्तुळात कुठंही दुर्बीण असली तरी तिला तो दिसतो. म्हणजे एक चौरस मीटरऐवजी 45 हजार चौरस मीटरचं जाळं मिळालं, आणि वर्षाला सहाऐवजी दर दोनेक मिनिटांनी एक गॅमा किरण. हिशोब एवढ्यावरच संपला असता तर किती बरं झालं असतं.

आता त्या प्रकाशाची मापं बघा. एक टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणामुळे जमिनीवर दर चौरस मीटरला शंभराच्या आसपास प्रकाशकण पडतात, आणि ते सगळे दोन ते पाच नॅनोसेकंदांत. पाच नॅनोसेकंद म्हणजे किती? प्रकाश सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. पाच नॅनोसेकंदांत तो दीड मीटर जातो. दाराच्या चौकटीतून माजघरापर्यंतही पोचत नाही.

आणि हे आभाळ काळंकुट्ट नसतं. तारे असतात, आकाशगंगा असते, वरच्या हवेची स्वतःची मंद प्रभा असते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी 1948 साली हिशोब मांडला होता की रात्रीच्या आभाळातल्या एकूण उजेडात चेरेन्कोव प्रकाशाचा वाटा दहा हजारांत एक इतका असावा. मेसच्या आरशाचं क्षेत्रफळ धरून मी पाटीवर कच्चं गणित केलं. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये आभाळाच्या नुसत्या उजेडाचे दर दोन नॅनोसेकंदांना सरासरी एक याप्रमाणे प्रकाशकण नोंदले जातात, तेही वाटेतली सगळी गळती वजा करून. म्हणजे पाच नॅनोसेकंदांत दोन-तीन. त्यांच्यावर चमकेचे दहा-वीस आले तर ते उठून दिसतात.

पण फोनचा कॅमेरा शंभरांश सेकंद उघडा राहतो. तेवढ्यात त्या पिक्सेलमध्ये आभाळाचे पन्नास लाख जमा होतील. पन्नास लाखांत वीस शोधायचे! गोणीभर तांदळातला एक खडा परवडला. कॅमेऱ्याच्या रचनेतला जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका आकड्यातून निघतो. जेवढा वेळ चमक आहे तेवढाच वेळ बघायचं, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही.

एवढा वेग साध्या कॅमेरा-चिपमध्ये नसतो. त्यासाठी फोटोमल्टिप्लायर ट्यूब लागते. एका विज्ञान प्रदर्शनात मी ती हातात घेऊन पाहिली आहे. जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हची बहीणच वाटते: काचेची नळी, मागे पितळी पिना, पुढची सपाट काच आतून तपकिरी-पिवळट लेप दिलेली, फिक्या चहाच्या रंगाची. त्या लेपावर प्रकाशकण आदळला की कधीकधी एक इलेक्ट्रॉन सुटतो. कधीकधीच, चारांत एक धरा. हजारभर व्होल्टचा दाब त्याला खेचून धातूच्या पट्टीवर आपटतो, तिथून तीन-चार सुटतात, ते पुढच्या पट्टीवर. प्रत्येक पायरीवर चौपट धरले तर आठ पायऱ्यांनंतर एकाचे 65,536 होतात, आणि सगळा खेळ काही नॅनोसेकंदांत आटोपतो.

इथं एक खोच आहे. प्रयोगशाळेत अशा नळ्या दहा लाख पटींपर्यंत वाढ देतात, मग इथं कमीवर का भागवायचं? कारण आभाळाचा उजेड रात्रभर थांबत नाही. वाढ जास्त ठेवली तर त्या फुकटच्या उजेडानेच नळीत एवढा प्रवाह वाहील की शेवटच्या पट्ट्या झिजून जातील. म्हणून नळीला बेताचं काम द्यायचं आणि उरलेली वाढ बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक प्रवर्धकाकडून करून घ्यायची. क्रॅबपासून साधारण एका अंशावर झीटा टौरी नावाचा बऱ्यापैकी ठळक तारा आहे. तो ज्या पिक्सेलवर येतो तिथला प्रवाह चढतो आणि त्या पिक्सेलला आवरावं लागतं. बाकीच्या खगोलशास्त्राला तारे हवे असतात. इथं ते नसते तर बरं, असं म्हणण्याची पाळी येते.

नळ्या गोल असतात. शेजारी शेजारी रचल्या की मध्ये फटी राहतात आणि एवढ्या मोलाचा प्रकाश फटीत जाऊन चालत नाही. म्हणून प्रत्येक नळीच्या तोंडावर चकचकीत आतल्या बाजूचं एक नरसाळं बसवतात. पुढचं तोंड षटकोनी, मागचं नळीच्या मापाचं. षटकोन एकमेकांना फट न ठेवता बसतात, मधमाशांना ते आधीच ठाऊक होतं. या नरसाळ्याचं दुसरं काम मला जास्त आवडतं. आरशाच्या कडेपलीकडून, तिरक्या कोनातून आलेला प्रकाश ते आत घेतच नाही, परत फिरवतं. आरशाभोवतीची जमीन, दगड, हानलेच्या हिवाळ्यात साठलेला बर्फ, या सगळ्यांवरून परावर्तित होणारा उजेड तिथंच अडतो.

पिक्सेल किती असावेत? फोनच्या जाहिराती वाचून आपल्याला वाटतं जितके जास्त तितकं चांगलं. मेसमध्ये ते 1,088 आहेत. कोटी नाही, लाख नाही, एक हजार अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक पिक्सेल आभाळाचा 0.125 अंश बघतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीत चार पिक्सेल मावतात, आणि पूर्ण कॅमेरा साधारण चार अंशांचा, आठ चंद्र ओळीने मांडल्याएवढा, तुकडा टिपतो. पिक्सेल आणखी बारीक करून फार काही हाती लागत नाही, कारण ज्याचा फोटो काढायचा ती सरच मुळात धूसर आहे. तिची प्रतिमा रुंदीला अंशाचा दहावा-पाचवा भाग आणि लांबीला अर्धा-एक अंश भरते. धुक्याचा फोटो कितीही मेगापिक्सेलने काढा, धुकंच दिसणार. शिवाय इथं प्रत्येक पिक्सेलमागे एक नळी, एक उच्च दाबाचा पुरवठा आणि एक पूर्ण इलेक्ट्रॉनिक साखळी लागते. प्रत्येक जादा पिक्सेल खर्च, वजन आणि उष्णता घेऊन येतो. (दुर्बिणीचा फोकसही अनंतावर नसतो, तर दहा-पंधरा किलोमीटरवर, जिथं सर असते तिथं. त्यामुळे तारे किंचित पसरट दिसतात. त्याची कुणाला फिकीर नाही.)

धूसर असला तरी आकार महत्त्वाचा, कारण मघाशी अर्धवट सोडलेला हिशोब आता पुरा करायचा आहे. वातावरणात सर पाडणारे फक्त गॅमा किरण नाहीत. प्रोटॉनही पाडतात, आणि त्यांची संख्या कितीतरी पट जास्त. कॅमेऱ्यात येणाऱ्या हजारो चमकांपैकी एखाद-दुसरीच कामाची. 1952 च्या डब्याला फक्त चमक झाली एवढंच कळायचं, कुणाची ते नाही. पुढची तीसेक वर्षं हेच रडगाणं होतं.

सुटका झाली ती चित्रामुळे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवर 1968 साली 10 मीटरची व्हिपल दुर्बीण उभी राहिली होती. ट्रेव्हर वीक्स आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर पुढे 37 पिक्सेलचा कॅमेरा चढवला. 1985 साली मायकेल हिलास यांनी संगणकावर सरी घडवून दाखवलं की गॅमा किरणाची प्रतिमा सडपातळ, लंबगोल, तांदळाच्या दाण्यासारखी येते आणि तिचा लांब अक्ष स्रोताकडे बोट दाखवतो. प्रोटॉनची प्रतिमा रुंद, फाटकी, दोन-तीन ठिगळांची, आणि कुठल्याही दिशेला तोंड करून. लांबी, रुंदी, रोख एवढी मोजमापं घेऊन चाळण लावली तर 98 टक्क्यांहून जास्त कचरा बाहेर जातो. 1989 साली याच रीतीने क्रॅब तेजोमेघाचे टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट गॅमा किरण निर्विवादपणे सापडले. अवघ्या 37 पिक्सेलांत. या विषयाचं खरं बारसं त्या दिवशी झालं असं मी मानतो.

आता कॅमेऱ्याच्या आतला सगळ्यात कौशल्याचा भाग. चमक कधी येणार हे आधी माहीत नसतं. आणि आली हे कळेपर्यंत ती संपलेली असते. मग फोटो काढायचा कधी?

दोन गोष्टी एकत्र वापरतात. पहिली, शेजाऱ्यांची साक्ष. समजा एक पिक्सेल आभाळाच्या उजेडामुळे सेकंदाला दहा लाख वेळा उगाच दचकतो. तो दचकला त्याच पाच नॅनोसेकंदांत एखादा ठरावीक शेजारीही योगायोगाने दचकण्याची शक्यता दोनशेत एक. तीन शेजारी एकदम दचकण्याची ऐंशी लाखांत एक. म्हणून एकट्याचं ऐकायचंच नाही, लागून असलेले चौघं एकदम ओरडले तरच खरं मानायचं. मेसमध्ये ही पहारेदारी मधल्या 576 पिक्सेलांकडे असते. बाकीचे कडेचे पिक्सेल फक्त चित्र पुरं करतात. गावातल्या अफवेसारखंच आहे: एकाने सांगितलं तर हसून सोडायचं, चार घरांतून एकाच क्षणी ओरडा आला तर धावायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे रहाटगाडगं. प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला चिपवरचे 1,024 इवलेसे विद्युतधारक येतात, गोलाकार क्रमाने जोडलेले. मेसमध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत तयार झालेली डीआरएस-4 ही चिप आहे. नळीतून येणारा संकेत दर नॅनोसेकंदाला पुढच्या पोहऱ्यात भरला जातो. फेरी पुरी झाली की जुनं पाणी ओतून त्याच पोहऱ्यात नवं. त्यामुळे गेल्या एका मायक्रोसेकंदाचा इतिहास कायम हाताशी असतो. चौघांची साक्ष आली की रहाट थांबवायचा, मागे वळून हवे तेवढेच पोहरे वाचायचे, आणि पुन्हा सोडायचा. चमक संपून गेलेली असली तरी तिचं पाणी पोहऱ्यात असतं! वाचन चालू असताना कॅमेरा आंधळा असतो, म्हणून हा वेळ कमी करण्यावर अभियंत्यांचा केवढा तरी घाम गळतो.

हे सगळं ठेवायचं कुठं, यावर मात्र जगात एकमत नाही. कॅमेरा आरशापासून लांब, हवेत अधांतरी असतो. मेसमध्ये हे अंतर 25 मीटर आहे. तिथं जड खोकं टांगलं तर सांगाडा वाकतो, म्हणून इलेक्ट्रॉनिक्स खाली खोलीत ठेवावं असं वाटतं. पण साध्या तांब्याच्या तारेतून शे-दीडशे मीटर आणताना पाच नॅनोसेकंदांची टोकदार लाट चपटी, पसरट होऊन जाते, आणि टोकदारपणा हेच तर आपलं भांडवल. ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींनी पळवाट काढली: नळीतला संकेत कॅमेऱ्यातच लेसरच्या प्रकाशात बदलून प्रकाशतंतूंतून खाली न्यायचा. त्यांना कॅमेरा हलका हवाच होता, कारण आभाळात कुठं गॅमा किरणांचा स्फोट झाल्याची वर्दी आली की त्यांच्या 17 मीटरच्या दुर्बिणीला अर्ध्या मिनिटाच्या आसपास तिकडं तोंड फिरवायचं असतं. जानेवारी 2019 मध्ये हे धावणं सार्थकी लागलं, असाच एक स्फोट त्यांनी ताजा असताना पकडला. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी उलट वाट धरली आणि सगळं कॅमेऱ्याच्या पोटात कोंबलं. मेसही त्याच वाटेने गेला. नळी, प्रवर्धक, रहाट, आकड्यांत रूपांतर, सगळं वरच, आणि खाली येतात ते तयार आकडे.

मेसच्या कॅमेऱ्यात 16-16 पिक्सेलांचे 68 एकसारखे संच आहेत. एखादा बिघडला तर तेवढाच उपसून दुसरा बसवता येतो. हानलेला हे चैनीचं नाही, गरजेचं आहे. तिथं हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जातो, हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साठेक टक्केच असते. त्या हवेत उघड्या हातांनी बारीक स्क्रू फिरवत बसणं कुणाला जमणार? गंमत अशी की बाहेर एवढी थंडी असूनही कॅमेऱ्याला आतून गार ठेवण्याची काळजी घ्यावी लागते, कारण विरळ हवा उष्णता नीट वाहून नेत नाही.

नळ्यांची सद्दी मात्र आता संपत आली आहे. 2011 मध्ये ला पाल्मावरच फॅक्ट नावाच्या छोट्या दुर्बिणीने 1,440 पिक्सेलचा कॅमेरा नळ्यांऐवजी सिलिकॉनच्या संवेदकांचा केला. या चकत्यांना हजार व्होल्ट लागत नाहीत, शंभराच्या आतले पुरतात, आणि जास्त उजेडाने त्या झिजत नाहीत. म्हणजे चांदण्या रात्रीही काम चालतं. नळीवाल्यांना पौर्णिमेच्या आसपास बहुधा सुट्टीच. पण यात तोटेही आहेत. तापमान बदललं की यांची वाढ बदलते, आणि लाल रंग त्यांना नको तितका दिसतो. चेरेन्कोव प्रकाश निळा-जांभळा असतो, आभाळाची प्रभा लालीकडे झुकलेली. नळीला लाल फारसं दिसतच नसल्याने ती गाळणी फुकट मिळत होती. सीटीएओ या नव्या आंतरराष्ट्रीय वेधशाळेने म्हणूनच दोन्ही दगडांवर पाय ठेवला आहे: 23 मीटरच्या मोठ्या दुर्बिणींत 1,855 नळ्या, छोट्या दुर्बिणींत सिलिकॉन.

कॅमेरा नीट मोजतोय की नाही हे तपासायला मात्र निसर्गानेच पट्टी दिली आहे. कधीकधी एखादा एकटाच म्यूऑन कण, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, आरशाच्या अगदी जवळून खाली येतो आणि कॅमेऱ्यात सुबक बांगडी उमटते, साधारण एक अंश त्रिज्येची. बांगडीच्या मापावरून तिच्यात किती प्रकाश असायला हवा हे भूमितीने काढता येतं. कॅमेऱ्याने कमी मोजला तर आरसा मळला आहे किंवा नळ्या थकल्या आहेत. हीच बांगडी अर्धवट आली, नुसता तुकडा, तर ती गॅमा किरणाच्या दाण्यासारखी दिसून फसवतेही. दोन-चार दुर्बिणी एकत्र असतील तर ही लबाडी लगेच उघडी पडते, कारण म्यूऑनचा प्रकाश एकीलाच दिसतो. मेस एकटा आहे, त्याला हे तुकडे आकारावरूनच ओळखावे लागतात.

आणि एक शत्रू उरतो, जो रोज सकाळी न चुकता येतो. मेसच्या आरशाचं क्षेत्रफळ 340 चौरस मीटरच्या आसपास आहे. चुकून तो सूर्याकडे वळला तर तीनशेएक किलोवॅट उष्णता 22 सेंटिमीटरच्या वर्तुळात, जेवणाच्या ताटापेक्षा लहान जागेत, गोळा होईल, नेमकी कॅमेऱ्याच्या तोंडावर. म्हणून कॅमेऱ्याला झाकण असतं, आणि उजाडायच्या आत ते बंद झालेलं असावं लागतं.